‘मॅच’ला जागा करताना

पायथॉन या संगणकभाषेच्या ३.१० आवृत्तीत, ऑक्टोबर २०२१ मध्ये, ‘मॅच’ हे नवे विधान दाखल झाले. हाती आलेली माहिती कोणत्या घडणीची आहे (यादी आहे का, तिच्यात दोनच घटक आहेत का) हे पाहून पुढची वाट निवडायची, हे त्याचे काम. एरवी त्यासाठी ‘इफ-एलिफ’ची उतरंड रचावी लागते. सुविधा दिसायला साधी, पण ती बसवताना कम्पायलरचा जवळपास प्रत्येक टप्पा उघडावा लागला.

पहिली अडचण नावाचीच. शब्द राखीव झाला, म्हणजे कीवर्ड झाला, की ते नाव व्हेरिएबलला देता येत नाही. आणि ‘मॅच’ तर आधीच सर्रास वापरात होता. मजकुरातले नमुने शोधणाऱ्या पायथॉनच्याच ‘आरई’ मोड्यूलमध्ये त्या नावाचे फंक्शन आहे. २०१८ मध्ये ३.७ आवृत्तीने ‘असिंक’ राखीव केला, तेव्हा ते नाव वापरणाऱ्या काही लायब्रऱ्या चालेनाशा झाल्या होत्या. पुन्हा तीच ठेच नको होती.

म्हणून ‘मॅच’ला ‘सॉफ्ट कीवर्ड’ केले गेले: विधानाच्या जागी आला तर कीवर्ड, एरवी साधे नाव. सांगायला सोपे, ओळखायला अवघड. ‘मॅच (क)’ एवढेच वाचून हे फंक्शनला बोलावणे आहे की विधानाची सुरुवात, ते कळत नाही. ओळीच्या शेवटी कोलन आहे की नाही, यावर निकाल. पायथॉनचा जुना पार्सर, म्हणजे कोडची व्याकरणानुसार फोड करणारा भाग, एकच टोकन (शब्द किंवा चिन्ह) पुढे पाहून निर्णय घेई, त्यामुळे त्याला हे झेपणारे नव्हते. २०२० मधल्या ३.९ आवृत्तीने ‘पेग’ पद्धतीचा पार्सर आणला. तो एक नियम लावून पाहतो, जमले नाही तर मागे येऊन दुसरा लावतो. पार्सर बदलण्यामागे इतरही कारणे होती, पण ‘मॅच’ची वाट मोकळी झाली ती त्यामुळेच.

पुढे वाक्यरचनेच्या वृक्षात नव्या प्रकारच्या गाठी घालणे आणि चिन्हतक्त्यात नव्या नावांची नोंद करणे हे ठरावीक काम. अर्थाचा प्रश्न त्याहून नाजूक. ‘मॅच’ची प्रत्येक शाखा ‘केस’ या शब्दाने सुरू होते. ‘केस’पुढे नुसते एखादे नाव लिहिले, तर त्या नावातल्या किमतीशी तुलना होत नाही, समोर येईल ते स्वीकारून त्या नावात साठवले जाते. नवशिक्याला हे हमखास चकवते. अशी अट नसलेली ‘केस’ शेवटची नसेल, तर तिच्या खालच्या शाखांपर्यंत कधीच पोहोचता येणार नाही, हे ओळखून कम्पायलर तिथेच चूक दाखवतो.

शेवटी बाइटकोड, म्हणजे कम्पायलरने तयार केलेल्या सूचना. समोरची वस्तू यादीसारखी आहे का, हे तपासणारी सूचना नव्याने घालावी लागली. अक्षरमालेतले घटकही क्रमाने काढता येतात, तरी ही तपासणी तिला मुद्दाम वगळते. ‘पीवायसी’ फाइलींच्या सुरुवातीचा ओळखक्रमांक अशा वेळी बदलतात, म्हणजे जुन्या आवृत्तीने साठवलेला बाइटकोड नवी आवृत्ती चुकूनही चालवत नाही.

कम्पायलर तयार झाला तरी भोवतालची साधने मागे राहिली. ‘लिबटूटूथ्री’ ही पायथॉनसोबतच येणारी लायब्ररी जुन्या पार्सरच्या पद्धतीवर बेतलेली होती. तिला ‘मॅच’ वाचताच येईना. २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली.