सशाचं दुखणं आणि सशाची ओळख

तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची चाळीसेक वर्षं गेली, आणि त्या सगळ्या काळात ससा आमच्या तोंडी कायम होता. जे मुळात अस्तित्वातच नाही त्याचं उदाहरण द्यायचं, तर आपल्या शास्त्रकारांनी दिलेला शब्द 'शशविषाण', म्हणजे सशाचं शिंग. क्वाइनने १९६० साली भाषांतराचा मोठा प्रश्न मांडला, तोही समोरून पळणाऱ्या सशावरूनच. आणि बदक की ससा, असं दुहेरी दिसणारं विट्गेन्श्टाइनचं चित्र तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. एवढं सगळं असून खरा ससा आम्ही निवृत्त होईपर्यंत हातात धरलेला नव्हता.

नात शिकायला परगावी गेली आणि तिचे दोन ससे आमच्याकडे आले. काळा तो बुक्का, पांढरी ती जाई. विकणाऱ्याने दोन्ही माद्या म्हणून दिले होते. चार महिन्यांनी घरात पाच पिल्लं झाली, तेव्हा विक्रेत्याचं अनुमान चुकलं होतं हे सिद्ध झालं. आजचं व्याख्यान त्यानंतर काय झालं त्याविषयी आहे. त्यात आमच्या चुकाही सांगणार आहोत, कारण इथे ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी ससे आहेत आणि त्याच चुका तुमच्या हातून होऊ नयेत.

निर्बीजीकरण कशासाठी

आधी एक भेद लक्षात घेऊ. मराठीत 'ससा' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या प्राण्यांना वापरतो. आपल्या माळरानावरचा रानससा एकटा राहतो, बीळ खणत नाही, आणि त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्मतात. घरात पाळला जातो तो मूळचा युरोपातला, आयबेरियाकडचा. तो जमिनीत बिळं करून कळपाने राहतो. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. कळपात राहणारा असल्यामुळे त्याला सोबत लागते, आणि कळप म्हटला की हद्द आली, मानपान आला, भांडणं आली. पुढच्या सगळ्या गोष्टी या एका वाक्यात आहेत.

सशिणीचा गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा. व्यायल्याबरोबर, त्याच दिवशीसुद्धा ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे नर आणि मादी एकत्र ठेवून 'बघू पुढे' म्हणण्याची सोय नाही. दुसरं कारण मादीच्या आरोग्याचं. निर्बीजीकरण न केलेल्या सशिणींमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. काही जातींत चार वर्षांवरच्या माद्यांपैकी निम्म्याहून अधिक माद्यांना तो होतो. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो, म्हणून हा विचार करावाच लागतो.

नराची शस्त्रक्रिया सोपी. दोन-तीन दिवसांत तो सावरतो. पण एक गोष्ट पुष्कळ जणांना माहीत नसते: शस्त्रक्रियेनंतरही नर चार ते सहा आठवडे पिल्लं देऊ शकतो, कारण आधीची बीजं शरीरात शिल्लक असतात. तोवर त्याला न केलेल्या मादीपासून दूर ठेवायचं. बुक्काच्या वेळी आम्ही हे काटेकोर पाळलं. चूक झाली ती जाईच्या वेळी.

उपाशी ठेवू नका

जाईला नेलं त्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रिया होत असत. तिथे सांगितलं, आदल्या रात्री दहानंतर काही देऊ नका. माणसाला आणि कुत्र्याला हे बरोबर आहे, कारण भुलीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. सशाला उलटी होतच नाही. त्याच्या शरीराची तशी रचनाच नाही. उलट त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. ते थांबलं की आत वायू धरतो, दुखायला लागतं, दुखतं म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थंडावतं. हे चक्र एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतं. म्हणून सशाला शस्त्रक्रियेच्या अगदी थोडा वेळ आधीपर्यंत गवत खाऊ देतात, आणि नंतर शुद्धीवर आला की लगेच समोर खाणं ठेवतात. हे आम्हाला नंतर कळलं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा: तुम्ही सशांच्या शस्त्रक्रिया नेहमी करता का? उपाशी ठेवायचं का? या दुसऱ्या प्रश्नाला 'रात्रभर' असं उत्तर आलं, तर दुसरा डॉक्टर शोधा.

संध्याकाळी पाचला जाईला घरी आणलं आणि थेट त्यांच्या नेहमीच्या जागेत बुक्काजवळ ठेवलं. त्याने नाक लावलं, शेपटी उभारली, तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि तिच्या पाठीत दात रोवले. आमच्या घरातून तोंड फिरवूनही न बसणारं हे जोडपं! तिला उचलून दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवलं. ती कोपऱ्यात पाठ वाकवून बसली. आम्ही म्हटलं, रुसली असेल, झोपू दे.

लेंड्या नाहीत, हे ज्ञान

इथे थोडं शास्त्र येऊ द्या. ससा हा भक्ष्य होणारा प्राणी. दुखणं दाखवलं की शिकारी आधी त्यालाच टिपणार, म्हणून तो ओरडत नाही, लंगडत नाही, गप्प बसतो. त्याची वेदना आपल्याला प्रत्यक्ष दिसत नाही, तिचं अनुमान करावं लागतं. पाठीची कमान, अर्धवट मिटलेले डोळे, पोट जमिनीला दाबून बसणं, दात मोठ्याने करकर वाजवणं ही त्याची चिन्हं. लाड करताना दात हलके कटकटतात ते सुखाचे. तो आवाज मऊ असतो, सवयीने फरक कळतो.

पण सगळ्यांत भरवशाचं चिन्ह आहे ते 'नसण्याचं'. मीमांसकांच्या भाट्ट परंपरेत आणि अद्वैतात 'अनुपलब्धि' नावाचं प्रमाण मानतात. टेबलावर घागर नाही, हे आपल्याला घागर न दिसण्यातून कळतं. मात्र अट अशी की ती असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घागर दिसली नाही म्हणून ती नाही असं होत नाही. आता हे सशाला लावा. शस्त्रक्रियेहून आणल्यावर त्याचा ट्रे पूर्ण रिकामा करून त्यात स्वच्छ वर्तमानपत्र घाला. जुन्या लेंड्यांत नव्या लेंड्या कळणार नाहीत. दुसरा ससाही त्याच ट्रेवर नको. मग सकाळी कागद कोरा दिसला तर ते पक्कं ज्ञान आहे.

आम्हाला सकाळी सहाला ते झालं. कागद कोरा, कोथिंबीर सुकलेली, कान गार. आदल्या रात्री दहापासूनचे बत्तीस तास तिच्या पोटात काही नव्हतं. सशाने बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती तातडीची वेळ समजावी. दुसऱ्या एका, सशांची सवय असलेल्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी ऊब दिली, सलाइन दिलं, वेदनाशामक दिलं. आतड्यात अडथळा नाही याची खात्री करून मग सिरिंजने भरवायला सांगितलं. पेलेट कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करायची आणि पुढच्या दातांच्या मागून, गालाच्या बाजूने थेंबाथेंबाने द्यायची. ससा चार पायांवरच हवा, उताणा कधीही नाही. दिवसभर आम्ही दोघं आळीपाळीने हे करत होतो. रात्री एकच्या सुमारास कागदावर चार लहान, वेड्यावाकड्या लेंड्या दिसल्या. आयुष्यात कुठल्या शोधनिबंधाचा एवढा आनंद झाला नव्हता.

पहिले दहा-बारा दिवस

थोडक्यात सांगतो, वहीत लिहून घेतलंत तरी चालेल.

पिंजरा जमिनीवर, एकमजली असावा. उड्या नकोत. खाली लाकडाचा भुसा नको, तो जखमेला चिकटतो. जुनं सुती कापड किंवा टॉवेल बरा. पहिल्या दिवशी ऊब द्या, पण उन्हाळा असेल तर उलटी काळजी घ्या: तिशीच्या वर पारा गेला की सशाला धाप लागते. बर्फ झालेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी.

टाके दिवसातून दोनदा बघा. थोडी सूज चालते, नराला तर ती दिसतेच. पू, रक्त, उघडलेली जखम किंवा ऊन लागणारी लाली दिसली तर डॉक्टरकडे जा. गळ्यात प्लास्टिकची कॉलर शक्यतो नको, कारण ससा रात्रीच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. ती त्याची गरज आहे, घाण सवय नव्हे.

औषधाच्या बाबतीत घरचं ज्ञान अजिबात नको. आपल्या कपाटातली दुखण्याची गोळी नको. उरलेलं अँटिबायोटिक तर मुळीच नको: अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयुक्त जीवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. लहान मुलांना चालतं म्हणून दिलं, असं म्हणण्याची वेळ येऊ देऊ नका.

खाण्यात मुख्य गवत. वाळलेलं गवत, ताजी हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला. गाजर म्हणजे मिठाई, चवीपुरतं. लसूणघासात कॅल्शियम जास्त, मोठ्या सशाला रोज नको.

पुन्हा ओळख

आता बुक्काकडे वळू. त्याने असं का केलं? न्यायशास्त्रात ओळखीचं जुनं उदाहरण आहे: 'सोऽयं देवदत्तः', तोच हा देवदत्त. ओळखायला दोन गोष्टी लागतात, मनात राहिलेला जुना संस्कार आणि समोरचं आत्ताचं इंद्रियज्ञान. दोन्ही जुळले की 'तोच हा'. आपलं हे ज्ञान बहुधा डोळ्यांनी होतं, सशाचं नाकाने. जाईच्या अंगाला भुलीचा, औषधाचा, परक्या कुत्र्यांचा वास होता. बुक्काच्या दृष्टीने जाई परत आलीच नव्हती. त्याच्या हद्दीत एक अनोळखी सशीण शिरली होती. दोष त्याचा नव्हता, आमचा होता. दोघांना एकाच टोपलीत दवाखान्यात नेलं असतं तर दोघांना एकच वास लागला असता आणि बहुधा हे टळलं असतं.

पुन्हा जमवायला आम्हाला साडेतीन आठवडे लागले. आधी टाके पूर्ण भरू दिले, कारण एक ससा दुसऱ्यावर चढला तर जखम उघडते. तोवर दोघांचे पिंजरे शेजारी, मध्ये चार बोटांची फट, म्हणजे जाळीतून चावा लागत नाही. रोज टॉवेल आणि ट्रे एकमेकांत बदलायचे. खाणं जाळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर. काही दिवसांनी दोघं जाळीला पाठ लावून झोपू लागले. ती खूण आम्ही वाट बघत होतो ती.

मग तटस्थ जागा. जिथे दोघांपैकी कुणाचीच हद्द नाही अशी. आम्ही शेजाऱ्यांचा हॉल मागून घेतला, सतरंजी अंथरली. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवत. थोडं पाठलाग करणं, पाठीवर चढणं, केस उपटणं चालतं. कळपातला मानपान ते ठरवत असतात. शेपटी उभी, कान मागे, दोघं एकमेकांभोवती गरगर, हे दिसलं की लगेच वेगळे करा, पण हात मध्ये घालू नका. जाड टॉवेल टाका किंवा झाडू आडवा धरा. भेट भांडणावर संपवू नये, दोघं शांत असताना संपवावी. दोन दिवस सलग एकत्र खाणं, झोपणं, एकमेकांना चाटणं झालं, की व्हिनेगरच्या पाण्याने पुसलेल्या, नव्याने मांडलेल्या घरात दोघांना आणावं. पाण्याची भांडी दोन, लपायच्या खोक्यांना दारं दोन.

एक इशारा. काही लोक दोघांना टोपलीत घालून गाडीतून फिरवतात. घाबरून ते एकमेकांना बिलगतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, जमलं! भीतीने बिलगणं म्हणजे मैत्री नव्हे. भीती गेली की तेही जातं. हे माणसांनाही लागू आहे, पण तो आजचा विषय नाही.

एक चिठ्ठी

एका भगिनींनी चिठ्ठी पाठवली आहे: "निसर्गाने दिलेलं आपण काढून घेतो, हा अन्याय नाही का?"

प्रश्न योग्य आहे आणि त्याचं गोड उत्तर आमच्याकडे नाही. ससा काही संमती देत नाही. पण आपण त्याला बिळातून काढून फरशीवर आणलं, तेव्हाही त्याला विचारलं नव्हतं. पहिला हस्तक्षेप तो. निर्बीजीकरण हा त्या पहिल्या हस्तक्षेपाचा हिशेब चुकता करण्याचा भाग आहे. कर्करोगाने मेलेली मादी किंवा एकट्या पिंजऱ्यात आयुष्य काढणारा नर हे काही 'निसर्ग' नव्हेत. आम्हाला जो अन्याय टोचतो तो वेगळा आहे. पूर्ण माहिती न घेता आम्ही जाईला उपाशी ठेवलं, आणि ती दुखण्यात बसली असताना 'रुसली' म्हणून झोपायला गेलो. ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाबतीत आपलं अज्ञान ही खासगी बाब राहत नाही.

जाई आता पाच वर्षांची आहे. आज निघताना बघितलं, तर बुक्का तिचे कान चाटत होता आणि ट्रे भरलेला होता. घरी ससा असेल तर आज रात्री झोपण्यापूर्वी तेवढं एक बघा.