तिसऱ्या डिव्हिजनचा गुडघा

नॉर्वेच्या महिला फुटबॉलचा विषय निघाला की जाणकारांना आठवतो तो १९९५ चा विश्वचषक, २००० मध्ये सिडनीत मिळालेलं ऑलिम्पिक सुवर्णपदक आणि महिलांसाठीचा पहिला ‘बालोन द ओर’ २०१८ मध्ये जिंकणारी आदा हेगेरबर्ग. हे सगळं वरच्या मजल्यावरचं. सर्वांत वरच्या साखळीला तिथे टोप्सेरिएन म्हणतात. तिच्याखाली पहिली डिव्हिजन, मग दुसरी, मग जिल्ह्याजिल्ह्यातून चालणारी तिसरी आणि काही ठिकाणी चौथीही. आजचा लेख या खालच्या मजल्यांबद्दल आहे.

इथे खेळण्याचे पैसे मिळत नाहीत. मैदानावरची मुलगी दिवसा नर्स असते, शिक्षिका असते, नाहीतर कॉलेजात शिकत असते. हिवाळा लांबलचक असल्यामुळे मैदानं बहुतेक कृत्रिम गवताची, आणि सराव संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात. प्रशिक्षक म्हणजे बऱ्याचदा कुणाचे तरी वडील किंवा पूर्वी खेळलेली एखादी ताई. क्लब चालतो तो ‘डुग्नाड’वर. सगळ्यांनी मिळून, मोबदला न घेता करायचं काम, असा त्या शब्दाचा अर्थ. आपल्या गावाकडच्या सावडीच्या जवळ जाणारा. कुणी मैदान झाडतं, कुणी सामन्याच्या दिवशी वॉफल विकून चार पैसे उभे करतं. अशा संघाबरोबर डॉक्टर नसतो, फिजिओथेरपिस्ट नसतो. पण खेळाडूंचे गुडघे मात्र हेगेरबर्गच्या गुडघ्यासारखेच असतात.

हेगेरबर्गचं उदाहरण मुद्दाम दिलं. जानेवारी २०२० मध्ये ल्यों संघाच्या सरावात तिच्या गुडघ्यातलं अँटीरियर क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, फाटलं. जगातले उत्तम सर्जन आणि फिजिओ हाताशी असूनही तिला पुन्हा सामन्यात उतरायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. तिसऱ्या डिव्हिजनमधल्या मुलीला हीच दुखापत झाली, तर तिला नोकरी सांभाळून, जमेल तसा व्यायाम करून परत यावं लागतं. बऱ्याच जणी परत येतच नाहीत.

हे लिगामेंट म्हणजे गुडघ्याच्या आत तिरका गेलेला, साधारण करंगळीएवढा जाड असा चिवट तंतूंचा दोर. मांडीच्या हाडाच्या मागच्या बाजूकडून निघतो आणि नडगीच्या हाडाला पुढच्या बाजूला येऊन मिळतो. नडगीचं हाड पुढे घसरू नये आणि जास्त पिळलं जाऊ नये, हे त्याचं काम. सरळ चालताना त्याची आठवणही होत नाही. धावता धावता अचानक दिशा बदलली किंवा उडी मारून एका पायावर उतरलं, की त्याची परीक्षा असते.

लोकांना वाटतं की हे लिगामेंट कुणीतरी आडवा पाय घातल्यामुळे तुटतं. पुष्कळदा तसं नसतं. खेळाडू एकटीच असते, कुणाचा धक्का लागलेला नसतो, पाय टेकतो, गुडघा आत वळतो आणि ‘कट्’ असा आवाज येतो. ऑस्लोच्या संशोधकांनी हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या महिलांना प्रत्यक्ष दुखापत होतानाच्या चित्रफिती संगणकावर तपासल्या. पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत लिगामेंट तुटत असावं, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. पापणी लवायला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. म्हणजे ‘पाय चुकीचा पडला’ हे मेंदूला कळून स्नायू आवळेपर्यंत काम झालेलं असतं. गुडघा वाचायचा असेल तर पाय टेकण्याआधीच स्नायू तयार असावे लागतात, आणि ही तयारी सरावाने अंगात मुरवावी लागते. पुढचं सगळं संशोधन या एका गोष्टीभोवती फिरतं.

फुटबॉलमध्ये ही दुखापत पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट जास्त होते. का, यावर बरेच तर्क आहेत. कटीची रुंदी, गुडघ्यातल्या खाचेचा आकार, मासिक पाळीतली संप्रेरकं, पुरुषांच्या पायासाठी बनवलेले बूट, आणि मुलींना लहानपणापासून कमी मिळणारं ताकदीचं प्रशिक्षण. संप्रेरकांच्या मुद्द्यावर वर्तमानपत्रांत खूप छापून येतं, पुरावा मात्र अजून एका दिशेने बोलत नाही. शिवाय कटीची रुंदी आणि पाळी आपल्या हातात नसते. उडी मारून कसं उतरायचं, हे शिकवता येतं.

ते शिकवण्याचा पद्धतशीर प्रयत्न नॉर्वेत झाला. ऑस्लोमध्ये २००० साली खेळातल्या दुखापतींचं संशोधन केंद्र सुरू झालं. रोआल्ड बार आणि लार्स एंगेब्रेटसन ही त्यामागची प्रमुख नावं. २००४ पासून देशातल्या गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाऊ लागली. सुरुवात मात्र त्याआधीच, हँडबॉलमध्ये झाली होती. ग्रेटे म्यूक्लेबुस्ट आणि सहकाऱ्यांनी महिलांच्या वरच्या तीन डिव्हिजनमधल्या संघांवर नजर ठेवली. १९९८-९९ च्या हंगामात एसीएलच्या २९ दुखापती झाल्या. मग तोल सांभाळण्याचे आणि उतरण्याचे व्यायाम सुरू केले. पुढच्या हंगामात २३, त्यापुढच्या हंगामात १७. आकडे लहान आहेत, त्यामुळे त्यांवरून फार मोठे दावे करता येत नाहीत, पण दिशा दिसली.

फुटबॉलमधला पहिला मोठा प्रयोग चक्क फसला, आणि मला तो जास्त शिकवणारा वाटतो. ‘द इलेव्हन’ नावाचा १५ मिनिटांचा वॉर्मअप किशोरवयीन मुलींच्या संघांना दिला गेला. दोन हजारांहून अधिक खेळाडू होत्या. हंगामाच्या शेवटी व्यायाम केलेल्या गटात खेळाच्या दर हजार तासांमागे ३.६ दुखापती, न केलेल्या गटात ३.७. म्हणजे फरक शून्य. काट्रिन स्टेफन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निकाल झाकून ठेवला नाही, २००८ मध्ये छापला. कारणं शोधताना दिसलं की संघांनी व्यायाम मनापासून केलाच नव्हता. तेच ते दहा व्यायाम, त्यात पुढची पायरी नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली कंटाळल्या तर नवल नाही. औषध चांगलं आहे की वाईट हे रोग्याने ते घेतल्यावरच कळतं. अर्ध्या गोळ्या उशीखाली राहिल्या तर डॉक्टरला काय कळणार?

मग कार्यक्रम नव्याने बांधला. हाच पुढे ‘फिफा इलेव्हन प्लस’ म्हणून जगभर गेला. साधारण २० मिनिटं, तीन भाग. आधी हळू धावणं, दिशा बदलणं, जोडीदाराशी खांद्याला खांदा भिडवणं. मग ताकद, तोल आणि उड्या. इथे प्रत्येक व्यायामाच्या तीन पातळ्या आहेत, म्हणजे सोपं झालं की अवघड करता येतं. शेवटी जोरात धावणं. यातला ‘नॉर्डिक हॅमस्ट्रिंग’ कुणालाही करून पाहता येईल. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरायचे, आणि अंग ताठ ठेवून जितकं हळू जमेल तितकं पुढे झुकत जायचं, शेवटी हातांवर झेलायचं. पहिल्या दिवशी तीन-चार पुरेत, दुसऱ्या दिवशी मांडीचा मागचा भाग बोलतोच.

या नव्या कार्यक्रमाची चाचणी टोरब्योर्न सोलिगार्ड आणि सहकाऱ्यांनी १२५ क्लबमध्ये घेतली. १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुली, एक पूर्ण हंगाम. दोन-चार वर्षांनी खालच्या डिव्हिजनमधले संघ ज्यांच्यातून भरतात, त्या याच मुली. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या. एक गोष्ट सांगायलाच हवी. संशोधकांनी आधी ठरवलेला मुख्य निकष पायाच्या दुखापतींचा होता. त्याही कमी झाल्या, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही. जाहिरातीत हे वाक्य सापडत नाही, मूळ लेखात सापडतं. नंतर त्याच माहितीवरून आणखी एक गोष्ट दिसली. ज्या मुलींनी व्यायाम सर्वांत नियमित केला, त्यांचा धोका मध्यम नियमित असणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी कमी होता.

नियमितपणा हीच खालच्या डिव्हिजनची खरी अडचण. आठवड्यातून दोन वेळा सराव, मैदान ठरावीक वेळेपुरतं मिळालेलं, आणि त्यातली २० मिनिटं चेंडूला पाय न लावता घालवायची? प्रशिक्षकाने आग्रह धरला तरच ते होतं. हँडबॉलमध्ये अभ्यास संपल्यावर काही वर्षांत दुखापती पुन्हा वाढल्या, आणि प्रशिक्षकांपर्यंत माहिती नव्याने पोहोचवल्यावर पुन्हा उतरल्या. ऑस्लोच्या केंद्राने पुढे ‘स्काडेफ्री’, म्हणजे दुखापतमुक्त, नावाचं संकेतस्थळ आणि मोबाइल ॲप काढलं ते या अनुभवातूनच. कृत्रिम गवताबद्दलही विचारलं जातं. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींमध्ये एकूण दुखापतींचं प्रमाण दोन्ही मैदानांवर सारखंच आढळलं, सामन्यांतल्या गंभीर दुखापती मात्र कृत्रिम गवतावर जास्त होत्या.

एवढा आटापिटा कशासाठी, याचं उत्तर शेजारच्या स्वीडनमध्ये मिळतं. तिथे एसीएल फाटलेल्या महिला फुटबॉलपटूंना १२ वर्षांनी पुन्हा तपासलं. सरासरी वय ३१. ज्यांचे एक्स-रे काढले त्यांच्यापैकी ५१ टक्के जणींच्या गुडघ्यात झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिस, सुरू झालेला होता. प्रश्नावली भरून देणाऱ्यांपैकी ७५ टक्के जणी म्हणाल्या की गुडघ्याच्या त्रासाने रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. आमच्या ओपीडीत साठीच्या आजींच्या एक्स-रेवर दिसणारा गुडघा इथे तिशीत दिसतो. शस्त्रक्रिया झाली तरी ही टांगती तलवार पुरती जात नाही.

सरकारी रुग्णालयात माझ्याकडे फुटबॉल खेळणाऱ्या मुली क्वचित येतात, कबड्डी आणि खो-खोच्या येतात. अंगणवाडीत काम करणाऱ्या, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या. तक्रार एकच: ‘डॉक्टर, गुडघा सटकतो.’ विचारलं तर कळतं की पहिली दुखापत दीड-दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा कुणीतरी चोळून दिलेलं असतं, एक्स-रेत हाड मोडलेलं नाही म्हणून घरी पाठवलेलं असतं. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही. खेळताना गुडघ्यात आवाज आला आणि दोन-तीन तासांत तो टम्म सुजला, तर आत रक्त साचलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि एसीएल फाटल्याचा संशय धरूनच तपासणी व्हायला हवी. अशा गुडघ्याला चोळू नये, शेक देऊ नये. बर्फ, विश्रांती, क्रेप बँडेज, आणि लवकरात लवकर अस्थिरोग विभाग. गुडघा सटकत असताना खेळत राहिलं तर आतल्या गाद्या, म्हणजे मेनिस्कस, चिरडतात.

शस्त्रक्रियेनंतरचा प्रश्न ठरलेला: ‘परत कधी खेळू?’ यावरही ऑस्लोचं काम उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या डेलावेअर आणि ऑस्लो इथल्या संयुक्त प्रकल्पातून हेगे ग्रिंडेम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १०६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका पुढे ढकलला, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटत गेला. ताकदीचे आणि उडीचे निकष पूर्ण न करता परतलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांना गुडघ्याची पुन्हा दुखापत झाली. निकष पूर्ण करणाऱ्यांपैकी जेमतेम ६ टक्क्यांना. अभ्यास लहान आहे, तरी दुसरा चांगला आधार हाती नसताना मी त्यावर विसंबतो.

निकष समजायला सोपा आहे. ऑपरेशन झालेल्या पायाने दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के काम करून दाखवायचं. मांडीच्या स्नायूंची ताकद मोजायला यंत्र लागतं, ते सगळीकडे नसतं. एका पायावरची लांब उडी मोजायला मात्र काही लागत नाही. आमच्या व्हरांड्यातल्या फरशीवर चिकटपट्टीची रेघ मारलेली आहे, शेजारी शिंप्याची टेप. चांगल्या पायाने १२० सेंटिमीटर गेलं, तर दुसऱ्याने निदान १०८ जायला हवं, आणि उतरल्यावर गुडघा आत न वळता दोन सेकंद स्थिर राहायला हवा. चौथ्या महिन्यात जिल्हा निवड चाचणीचा कागद घेऊन येणाऱ्या मुलीला आधी तिथे उभं करतो.