रेघ सरळ, मग चेंडू वाकडा का?

दोनशे यार्डांचा झक्कास ड्राइव्ह मारायचा आणि होलपासून चार फुटांवर माती खायची! वीकएंड गोल्फरचं हे नेहमीचं दुखणं. मग प्रो शॉपमधला पटिंगचा आरसा खुणावू लागतो. घ्यावा का?

थोडं गणित करू. होलचा व्यास 108 मिलिमीटर. दहा फुटांवरून मध्यावर नेम धरलात आणि पटरचा फेस जेमतेम एक अंश फिरला, तर चेंडू थेट होलच्या काठावर. हा एक अंश डोळ्यांना जाणवतच नाही, हीच खरी गोची. आपल्याला वाटतं, आपण सरळच उभे आहोत. आरसा हा गैरसमज मोडतो. 2001 साली आलेला ओडिसीचा टू-बॉल पटरही त्याचसाठी गाजला: पटरवरच्या दोन पांढऱ्या चकत्या आणि चेंडू एका ओळीत आणा, बस्स!

पण राउंड चालू असताना आरसा वापरलात तर पेनल्टी. तिथे चालते ती पटरवरची आणि चेंडूवरची रेघ, आणि चेंडूवरची तर साध्या मार्कर पेननं काढता येते. सरावाला घरच्या गालिच्यावर चेंडू जेमतेम जाईल एवढ्या फटीत दोन पुस्तकं ठेवा. मी तरी आरशाचे पैसे प्रॅक्टिस ग्रीनवर घालवीन. कारण तीस फुटांवरून थ्री-पट होतो तो बहुधा वेगामुळे. चेंडू सहा फूट पुढे पळतो, नाहीतर अर्ध्यातच दम सोडतो. तिथे रेघ काय करणार?

आणि हो, रेघ जुळवत बसू नका. 2019 पासून नियमांतच सुचवलंय, फटका 40 सेकंदांत आटपा. मागच्या ग्रुपमध्ये तुमचा बॉस असू शकतो.