आरक्षणाचे एक तप

नगरपालिकेच्या सभागृहात विकास योजनेचा प्रारूप नकाशा लावला जातो, त्या दिवशी तेथे जमलेल्या माणसांचे चेहरे ज्याने पाहिले असतील, त्याला या लेखाच्या विषयाचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही. भिंतीवरच्या त्या रंगीत कागदावर जो तो आपला सर्व्हे नंबर शोधीत असतो. पिवळा रंग दिसला म्हणजे निवासी विभाग, आणि जमिनीला सोन्याचे मोल. हिरवा दिसला म्हणजे शेती, आणि पुढच्या योजनेपर्यंत धीर धरणे. परंतु आपल्याच गटाभोवती एक चौकट आखलेली असून तीत ‘क्रीडांगण’, ‘उद्यान’ किंवा ‘भाजीमंडई’ असा शब्द लिहिलेला आढळला, म्हणजे तो मनुष्य क्षणभर स्तब्ध होतो. जमीन त्याचीच आहे, सातबारावर नाव त्याचेच आहे, सारा भरण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. मात्र तेथे स्वतःसाठी घर बांधण्याची परवानगी आता मिळणार नाही, आणि ती विकावयास काढली तर गिऱ्हाईक सांगेल तो पडेल भाव मान्य करावा लागेल.

आपल्या बोलीत अशा वेळी ‘जमिनीवर आरक्षण पडले’ असे म्हणतात. वीज पडते, दरड पडते, दुष्काळ पडतो, त्याच रांगेत लोकांनी आरक्षणालाही बसविले, यात त्यांच्या अनुभवाचे सार आहे. शासनाने जमिनीचा कब्जा घेतलेला नसतो. तो घेतला असता तर भूसंपादनाचा कायदा होता, मोबदला होता, दाद मागण्यास न्यायालय होते. जमीन जागेवरच राहते आणि तिचे मोल तेवढे निघून जाते. हे गेलेले मोल कोणी भरून द्यावयाचे, आणि मुळात ते भरून द्यावयाचे की नाही, हा प्रश्न दिसतो त्याहून बराच गहन आहे.

नगररचनेचा भारतातील पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९१५ साली झाला, ही गोष्ट आपणांस अभिमानाची आहे, आणि त्याहूनही अभिमानाची आहे त्या कायद्यामागील न्यायबुद्धी. त्या कायद्याखालील नगररचना परियोजनेत सर्वांच्या जमिनी एकत्र करावयाच्या, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढावयाच्या, आणि उरलेली जमीन सुबक अंतिम भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत द्यावयाची, अशी रीत होती. रस्त्यासाठी लागणारी जमीन एकाच्याच वाट्याची जात नसे. ती सर्वांच्या वाट्यातून थोडी थोडी जाई. परियोजनेमुळे ज्याची हानी झाली त्याला भरपाई मिळे, आणि ज्याच्या जमिनीचे मोल वाढले त्याच्याकडून त्या वाढीचा काही हिस्सा सुधारणा-अंशदान म्हणून घेतला जाई. हानीचा आणि लाभाचा जमाखर्च एकाच वहीत मांडण्याची ही तजवीज होती.

पुढे १९५४ च्या कायद्याने, आणि त्यानंतर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याने, संपूर्ण शहराची विकास योजना करण्याची पद्धत रूढ केली. वाढत्या शहरांना ती अपरिहार्यच होती. शाळा कोठे, दवाखाना कोठे, मैदान कोठे, हे आधी ठरले नाही, तर शहर हे नुसत्या भिंतींचे अरण्य होते, हे आपण आज डोळ्यांनी पाहत आहोत. मात्र या पद्धतीत जमाखर्चाची ती जुनी वही फाटली. मैदानाची चौकट ज्याच्या शेतावर आली त्याचे सर्व गेले, आणि त्या मैदानाकडे तोंड करून ज्याचा भूखंड उरला त्याचा भाव वाढला. दोघे कालपर्यंत एकाच बांधाचे शेजारी होते.

कायदेकर्त्यांना या अन्यायाची जाणीव नव्हती असे नाही. १९६६ च्या अधिनियमाच्या ४९ व्या कलमान्वये, आरक्षणामुळे आपली जमीन वाजवी किमतीस विकली जात नाही असे दाखवून देणारा मालक, ती जमीन विकत घ्यावी अशी खरेदीची सूचना शासनावर बजावू शकतो. शासनाने ती सूचना कायम केली, आणि त्यानंतर एका वर्षात संबंधित प्राधिकरणाने संपादनासाठी अर्ज केला नाही, तर आरक्षण संपुष्टात येते. याहून अधिक परिचित आहे ते १२७ वे कलम. योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाने आपल्या हक्काच्या दस्तऐवजांसह नोटीस द्यावी, आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाच्या दिशेने पाऊल न पडल्यास जमीन आरक्षणातून मुक्त समजावी, असे ते कलम सांगते.

ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती. मुंबईतील एका भूखंडावर मनोरंजन मैदानाचे आरक्षण वर्षानुवर्षे तसेच पडून राहिल्याचे हकीमवाडी प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले, तेव्हा १९८७ साली न्यायालयाने ही मुदत काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे असे ठरविले. जमीन घ्यावयाचीही नाही आणि मालकास वापरू द्यावयाचीही नाही, अशी स्थिती अनिश्चित काळ चालू ठेवता येणार नाही, हा त्या निर्णयाचा मथितार्थ होय. तरीही नोटीस आली की घाईघाईने एखादा ठराव करावा, वरिष्ठांकडे एखादे पत्र धाडावे, आणि त्यालाच ‘पाऊल’ म्हणावे, असा प्रघात पडला होता. २००७ साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले, की पाऊल म्हणजे प्रत्यक्ष संपादनाचे पाऊल. कागदांची देवघेव म्हणजे पाऊल नव्हे. त्यानंतर विधिमंडळाने २००९ साली सहा महिन्यांचे बारा महिने केले, आणि २०१५ साली बाराचे चोवीस केले. दहा वर्षे आणि त्यांवर आणखी दोन, असे मिळून एक तप होते. ज्याच्या जमिनीवर आज आरक्षण पडले, त्याने एक तप वाट पाहावी, आणि मग मोबदला किंवा मुक्ती यांपैकी एकाची अपेक्षा करावी, असा आजचा कायदा आहे.

मोबदल्यासाठी रोख रकमेची टंचाई नगरपालिकांना सदैव असते, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाजारमूल्यावर तेवढीच दिलासा रक्कम देणे बंधनकारक केल्यापासून ती अधिकच जाणवू लागली. या अडचणीतून जो मार्ग निघाला तो हस्तांतरणीय विकास हक्कांचा, ज्याला सगळे जण टीडीआर म्हणून ओळखतात. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तो प्रशस्त केला. त्यातील कल्पना मोठी चतुर आहे. जमिनीची मालकी आणि जमिनीवर बांधण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, असे ती मानते. मालकाने आरक्षित जमीन नगरपालिकेच्या हवाली करावी. नगरपालिकेने त्याला पैशांऐवजी विकास हक्क प्रमाणपत्र द्यावे. आणि ते प्रमाणपत्र त्याने शहरात इतरत्र, जेथे अधिक बांधकामास परवानगी आहे तेथे, स्वतः वापरावे किंवा दुसऱ्यास विकावे.

आकड्यांनी सांगावयाचे तर, समजा एखाद्याची दहा गुंठे, म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर, जमीन दाट वस्तीच्या गावठाणाबाहेर आरक्षणात गेली. मुंबईव्यतिरिक्त बहुतेक शहरांच्या आजच्या नियमांप्रमाणे त्याला तिच्या दुप्पट, म्हणजे सुमारे २,०२४ चौरस मीटर, बांधकामाचा हक्क मिळतो. मात्र हा हक्क महाग वस्तीत नेला, तर रेडी रेकनरच्या दरांच्या प्रमाणात तो आकसतो: मूळ जमिनीचा दर दहा हजार आणि नव्या जागेचा तीस हजार असला, तर २,०२४ चे सुमारे ६७५ उरतात. तत्त्वतः हे योग्यच आहे. परंतु प्रमाणपत्राचे मोल बांधकामाच्या बाजारावर अवलंबून असते. बाजार तेजीत असला तर मालक तरतो, मंदीत असला तर तो हातातला कागद धरून बसतो. शिवाय गुंठ्यागुंठ्याच्या मालकाला या व्यवहाराची वाट ठाऊक नसते, आणि मधल्या दलालाला ती पाठ असते.

येथवर ज्या जमिनींविषयी लिहिले त्या निदान कधी तरी सार्वजनिक होतात. पण ज्या मिळकती मालकाकडेच राहतात आणि केवळ नियमाने बांधल्या जातात, त्यांचे काय? मुंबईच्या १९९५ च्या वारसा-नियमांनी या प्रश्नाला सरळ उत्तर दिले आहे. वारसा यादीतील इमारत पाडण्यास किंवा वाढविण्यास मनाई झाल्यामुळे मालकाचे जे चटई क्षेत्र वापरावाचून राहते, तेवढ्यापुरते विकास हक्क प्रमाणपत्र त्याला देण्याची तरतूद त्यांत केली गेली. त्या इमारतीच्या सौंदर्याचा आनंद साऱ्या शहराला मिळावयाचा असेल, तर तिचा भार एकट्या मालकाने वाहू नये, ही त्यामागील भूमिका.

याच्या उलट उदाहरण पुण्याच्या टेकड्यांचे. १९९७ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण ठेवण्यात आले. या टेकड्या पावसाचे पाणी जिरवितात, शहराला वारा देतात, आणि त्या बोडक्या करून त्यांवर इमारती उभ्या केल्या तर पायथ्याच्या वस्त्यांत पाण्याचे लोंढे उतरतील, हे सांगावयास तज्ज्ञ नको. टेकड्या राखल्याच पाहिजेत, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात तिळमात्र संशय नाही. पण २०१५ साली राज्य शासनाने या आरक्षणास मंजुरी देताना मालकांना जो मोबदला ठरविला, तो जमिनीच्या ८ टक्के टीडीआरचा. मघाच्या दहा गुंठ्यांचे याप्रमाणे ८१ चौरस मीटर होतात. सपाटीवरील आरक्षणाला २,०२४ आणि टेकडीवरील आरक्षणाला ८१! उतारावर सपाटीइतके बांधकाम कधीच होऊ दिले नसते, म्हणून काही फरक समर्थनीय ठरेल. पंचवीस पटींचा फरक मात्र मालकाच्या मनात शासनाविषयी विश्वास उरू देत नाही. आणि विश्वास गेलेल्या मालकाची टेकडी अनधिकृत बांधकामापासून वाचविण्यास कोणतेही पथक पुरे पडत नाही.

मग प्रत्येक नियमाची भरपाई द्यावी काय? अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने हा प्रयोग करून पाहिला. शेतजमीन राखण्यासाठी १९७३ पासून कडक नियम करणाऱ्या त्या राज्यात २००४ साली जनमताने असा कायदा झाला, की मालकाने जमीन घेतल्यानंतर आलेल्या नियमामुळे तिचे मोल घटले, तर शासनाने घट भरून द्यावी, नाही तर तो नियम त्या जमिनीला लावू नये. हजारो दावे दाखल झाले. तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. म्हणून जवळजवळ सर्वत्र नियमच माघारी घेतले गेले. शेजाऱ्यांचे पाणी, रस्ते आणि शेती यांवर त्याचा ताण दिसू लागताच तीनच वर्षांत, २००७ साली, त्याच जनतेने पुन्हा मतदान करून तो कायदा बराचसा आवरता घेतला. ब्रिटनने १९४७ साली दुसरे टोक गाठले होते: विकासाचा हक्कच राष्ट्राच्या स्वाधीन केला, जुन्या हानीसाठी ३० कोटी पौंडांचा निधी ठेवला, आणि विकासाने वाढलेल्या मोलावर शंभर टक्के आकार बसविला. लाभच उरत नसल्याने जमिनी विकावयास कोणी उत्सुक राहिले नाही, आणि सहा वर्षांत तो आकार रद्द झाला.

या दोन टोकांमधली वाट शोधावयाची, तर बंधनाचा हेतू तपासला पाहिजे. नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे सरासरीने पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, बांधकामास मनाई केली, तर तेथील मालकाचे शासनाने काही घेतले असे म्हणता येत नाही. ती जमीन आधीपासूनच नदीची होती, शासनाने ते केवळ कागदावर मांडले. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीने जे सोसले, ते पाहिल्यावर याविषयी वाद राहू नये. दुसऱ्यास अपाय करण्याचा हक्क कोणाच्याही मालकीचा भाग नसतो, म्हणून तो गेल्याची भरपाईही नसते. परंतु बंधनाचा हेतू अपाय टाळण्याचा नसून साऱ्या गावाला काही हितकर वस्तू मिळवून देण्याचा असेल, मग ते मैदान असो, उद्यान असो वा वारसा-वास्तू, तेव्हा तिची किंमत साऱ्या गावाने मोजली पाहिजे. टेकडीच्या बाबतीत दोन्ही हेतू एकत्र असतात. म्हणून तेथील मोबदला शून्यही नसावा आणि सपाटीइतकाही नसावा, पण तो कसा ठरविला हे मालकाला पटेल अशा हिशेबाने सांगितले जावे.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून निघाला, तरी अनुच्छेद ३०० क अन्वये कायद्याच्या आधारावाचून कोणाचीही मालमत्ता हिरावता येत नाही, आणि २०११ च्या के. टी. प्लांटेशन निर्णयात घटनापीठाने भरपाईचा विचार त्या अनुच्छेदात अनुस्यूत असल्याचे मानले आहे. तेव्हा तत्त्वाची उणीव नाही. उणीव आहे ती तत्परतेची. आरक्षणाची चौकट आखणाऱ्याने त्याच दिवशी तिच्या मोबदल्याची तरतूद कोणत्या वर्षी होणार हे लिहून ठेवावे, आणि ज्यांच्या जमिनी त्याच नकाशाने मोलवान झाल्या, त्यांच्याकडून त्या वाढीचा न्याय्य वाटा घेऊन तो याच कामी लावावा, हे १९१५ साली सुचले होते ते आज अशक्य का असावे?

तोपर्यंत वाचकांना दोन गोष्टी आग्रहाने सांगावयाच्या आहेत. जमीन घेण्यापूर्वी केवळ सातबारावर विसंबू नका. नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि विकास योजनेचा अभिप्राय काढा, कारण आरक्षण कळते ते तेथे. आणि आपल्या जमिनीवर आरक्षण असेल, तर योजना अंमलात आल्याची तारीख टिपून ठेवा. दहा वर्षे पुरी होताच १२७ व्या कलमाची नोटीस आपोआप निघत नाही. ती मालकानेच द्यावी लागते, आणि ती दिली नाही तर बारा वर्षांचे तप चोवीस वर्षांनीही संपत नाही.