‘जबाबदारी’ : शब्दाची घडण आणि भाषांतराचा प्रश्न

‘जबाबदारी’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या घडणीकडे सहसा लक्ष जात नाही. अरबी ‘जवाब’ म्हणजे उत्तर. त्यास ‘बाळगणारा’ या अर्थाचा फारसी ‘दार’ आणि भाववाचक ‘ई’ जोडून हा शब्द सिद्ध होतो. मूलार्थाने जबाबदार म्हणजे उत्तर देण्यास बांधलेला मनुष्य.

‘जवाब’मधील वकाराचा मराठीत बकार झाला आणि त्याच शब्दाचे ‘जाब’ हे संक्षिप्त रूपही रूढ झाले. जुन्या दफ्तरी व्यवहारातील ‘जाबसाल’, आजचे ‘जाब विचारणे’ आणि पोलीस चौकशीतील ‘जबाब नोंदवणे’ या प्रयोगांमागे प्रश्न करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती गृहीत धरलेली आहे. ‘घरची जबाबदारी’ असे म्हणताना समोर असा कोणी अधिकारी नसतो. तरीही शब्दाच्या घडणीत त्याची जागा शिल्लक राहते.

गुजराती व कन्नड भाषांनीही हाच शब्द स्वीकारला आहे. मलयाळममधील ‘उत्तरवादित्वम्’ची सामग्री संस्कृत असली तरी कल्पना उत्तराचीच आहे. हिंदी व उर्दूतील ‘जिम्मेदारी’ मात्र करार, हमी या अर्थांच्या अरबी ‘जिम्मा’वर उभी आहे. तमिळमधील ‘पोऱुप्पु’ हा शब्द सोसणे, सहन करणे या अर्थाच्या ‘पोऱु’ या धातूपासून आला आहे. सहनशीलतेचा वाचक ‘पोऱुमै’ हा त्याचा सहोदर होय. येथे उत्तर मागणारा कोणी नाही. भार वाहणारा तेवढा आहे.

बंगालीतील ‘दायित्व’ व ‘दाय’ या शब्दांची गोष्ट आणखी निराळी आहे. संस्कृतात ‘दाय’ म्हणजे वारसाने मिळणारा वाटा. जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ हा ग्रंथ बंगालमधील हिंदू वारसा कायद्याचा आधार होता. बंगाली व्यवहारात मात्र ‘दाय’ला देणे, बंधन, संकट असे अर्थ प्राप्त झाले. आईवडिलांच्या अंत्यकर्माचे कर्तव्य म्हणजे ‘मातृदाय’ व ‘पितृदाय’. मुलीच्या विवाहाची चिंता म्हणजे ‘कन्यादाय’. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या 1891 मधील ‘देनापाओना’ या कथेचा विषय हुंडा हाच आहे आणि तिच्या शीर्षकातही देण्याघेण्याच्या हिशेबाची भाषा आहे.

भाषांतरकाराची अडचण नेमकी येथे निर्माण होते. ‘कन्यादाया’साठी ‘मुलीच्या लग्नाची जबाबदारी’ असे लिहिल्यास कोशार्थ साधतो; परंतु ऋणाची आणि संकटाची छटा लोपते आणि पिता केवळ कर्तव्यदक्ष गृहस्थ ठरतो. ‘ओझे’ हा शब्द योजल्यास चिंता व्यक्त होते. पण मुलगीच ओझे असल्याचा अर्थ अधिक उघड होतो. मूळ समाजाने हा अर्थ एका रूढ समासात सामावून घेतला होता. मराठी वाक्यात तो लेखकाचे किंवा पात्राचे मत वाटू लागतो.

म्हणून अशा शब्दांना एकच ठराविक प्रतिशब्द पुरत नाही. कर्तव्य कोणापुढे, कोणाचे आणि कशाच्या मोबदल्यात आहे, हे संदर्भावरून ठरवूनच ‘जबाबदारी’, ‘भार’, ‘ऋण’ किंवा ‘जिम्मा’ यांपैकी निवड करावी लागते. भारतीय भाषांत समानार्थी मानल्या जाणाऱ्या या शब्दांत माणसामाणसांतील निरनिराळी नाती साठलेली आहेत. तौलनिक अभ्यासाने प्रथम त्या नात्यांची नोंद घेणे आवश्यक आहे.