साहेबांची व्हिजिट

रुग्णालयाच्या बिलात खोलीभाडं आणि औषधांच्या खाली एक ओळ हमखास असते: 'डॉक्टर व्हिजिट'. साहेबांची व्हिजिट ठरली की शाळेतले फळे आदल्या दिवशीच लख्ख होतात. इंजिनिअर साइट व्हिजिटला जातो. पण मामाकडे जायचं असेल तर 'मामाकडे व्हिजिट आहे' असं कुणी म्हणत नाही. तिथं 'जाऊन येतो' एवढं पुरतं. मराठीनं हा शब्द उचलला तो अधिकाराच्या कामासाठी, आणि इंग्रजीतला त्याचा जुना संसारही बराचसा तसाच होता.

लॅटिनमध्ये 'विदेरे' म्हणजे पाहणे. त्यावरून 'वीसेरे', म्हणजे मुद्दाम जाऊन पाहणे, आणि त्यावरून 'वीसितारे'. आपला 'विद्' हा धातू, म्हणजे वेद आणि विद्या, याच कुळातला. 'व्हिसा'सुद्धा घरचाच: पाहून झालेला, तपासलेला कागद.

फ्रेंचमार्गे इंग्रजीत आल्यावर सुरुवातीला 'व्हिजिट' करायचा तो देव. कधी धीर द्यायला, कधी शिक्षा करायला. १६११च्या इंग्रजी बायबलात बापाची पापं मुलांवर 'व्हिजिट' होतात, ती याच अर्थानं. १६६५मध्ये लंडनमध्ये प्लेगची साथ आली, तिलाही 'व्हिजिटेशन' म्हणत. रुग्ण सापडला की घर बंद. दाराच्या मधोमध फूटभर लांबीची लाल फुली, वर देवाच्या दयेची याचना, बाहेर रात्रंदिवस पहारेकरी. सरकारी हुकुमांत अशा घराला 'व्हिजिटेड हाउस' म्हटलं जाई. पाहुणा येऊन गेलेलं घर! डॅनियल डिफोच्या १७२२च्या प्लेगवरील पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातही 'व्हिजिटेशन' हा शब्द आहे.

देवाचं काम मग माणसांनी हाती घेतलं. बिशप आपल्या चर्चेसची 'व्हिजिटेशन' करत. १५३५मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं मठांवर व्हिजिटर धाडले. त्यांनी संन्याशांच्या भानगडींच्या याद्या केल्या, आणि पुढच्याच वर्षी वार्षिक दोनशे पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ बंद करण्याचा कायदा आला. नीतीची चौकशी आणि उत्पन्नाची कात्री, असा तो हिशेब. १५३० ते १६८८ या काळात राजाचे वंशावळकारही परगण्या-परगण्यांत फिरले. कुलचिन्ह मिरवणाऱ्यांनी हक्काचा पुरावा दाखवायचा. नसेल तर तसं लिहून द्यायचं. गावात हसं व्हायचं ते वेगळंच.

आपल्याकडे पोर्तुगीज अंमलात गोव्यातही असाच पाहुणा उतरला. जेझुइट पंथाचा अलेस्सांद्रो वालिन्यानो १५७४मध्ये गोव्यात पोहोचला, तो पूर्वेकडच्या मिशनांचा 'व्हिजिटर' म्हणून. पुढे तो जपानपर्यंत गेला.

नुसतं भेटायला, गप्पा मारायला जाणं हा अर्थ इंग्रजीत बराच नंतर रुळला. जुना मात्र गेला नाही. पवईच्या आयआयटीसह सगळ्या आयआयटींचे 'व्हिजिटर' भारताचे राष्ट्रपती असतात, तशी तरतूद १९६१च्या कायद्यातच आहे. संस्थेच्या कामाचा आढावा घ्यायला आणि चौकशी करायला ते माणसं नेमू शकतात. त्यांच्या अहवालावरून राष्ट्रपतींनी दिलेले निर्देश संस्थेला पाळावेच लागतात.