डोळा पाहतो कसा?

'डोळ्यांनी पाहिले तेच खरे' असे आपण म्हणतो. पण डोळा पाहतो कसा, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. विज्ञान शिकवताना मला हा प्रश्न विद्यार्थी वारंवार विचारतात. त्याचे उत्तर एका प्रथिनात आहे.

मंद उजेडात आपल्याला दिसते ते दृक्पटलातील ऱ्होडॉप्सिन या प्रथिनामुळे. ३४८ अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या पापुद्र्यातून सात वेळा आरपार जाते. तिच्या पोटात रेटिनल हा लहानसा रेणू बसलेला असतो. अंधारात तो वाकलेला असतो; प्रकाश पडताच सरळ होतो. त्यामुळे प्रथिनाचा आकार बदलतो आणि मेंदूकडे संदेश जाण्याची क्रिया सुरू होते.

हे अणूंच्या पातळीवर पाहायचे तर साधा सूक्ष्मदर्शक निरुपयोगी. अणूंमधील अंतर मिलिमीटरच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतके, आणि प्रकाशाची लहर त्याच्या हजारो पट लांब. क्ष-किरणांची लहर मात्र या मापाची असते. एकटा रेणू ते फार क्षीणपणे विखुरतो. म्हणून असंख्य रेणू शिस्तीत रचलेला स्फटिक लागतो. विखुरलेल्या किरणांनी उमटलेले ठिपके मोजायचे आणि त्यांवरून गणिताने रेणूची आकृती मांडायची, अशी ही पद्धत आहे.

ऱ्होडॉप्सिनच्या बाबतीत अडचणी दोन. ते स्निग्ध पापुद्र्यात रुतलेले. साबणासारख्या द्रव्याने सोडवावे लागते. दुसरे म्हणजे उजेड लागला की ते बदलते. म्हणून सारे काम अंधारात किंवा मंद लाल दिव्याखाली करायचे, कारण लाल प्रकाश ते जवळजवळ शोषत नाही. पाल्चेव्स्की, ओकाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली गोवंशाच्या डोळ्यांतील ऱ्होडॉप्सिनची रचना प्रसिद्ध केली. २०२३ मध्ये तर क्ष-किरणांच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी, प्रकाश पडल्यावर एका सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात वळलेले रेटिनलही टिपले गेले.

आता आपल्या कामाची गोष्ट. रेटिनल शरीरात तयार होते ते अन्नातून मिळणाऱ्या 'अ' जीवनसत्त्वापासून. हा संबंध उलगडणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नात हे जीवनसत्त्व सतत कमी पडले की प्रथिनातील रेटिनलची जागा रिकामी राहते, आणि दिवेलागणीला मूल चाचपडू लागते. काही रातांधळेपणा आनुवंशिक असतो, हे खरे. पण कुपोषणाने येणारा रातांधळेपणा पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे असे कोणी सांगू लागला, तर त्याला या रिकाम्या जागेचे चित्र दाखवावे. तेथे पाप नाही, नशीब नाही. एक रेणू नाही, इतकेच. तो शेवग्याच्या पाल्यातून, अंड्यातून, कलेजीतून मिळू शकतो. तो ताटात का पोहोचत नाही, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेचा नाही. तो समाजाचा आहे आणि तो आपणच विचारला पाहिजे.